वाढत्या अंगाचं धनुष्य

पंजाबराव भाऊजींनी धनुष्य दोन्ही हातांत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, वरच्या चाकावर नखाने टिचकी मारली आणि तायडे सरांना पहिला प्रश्न विचारला, "याच्यात दाबायला जागा आहे का?"

"दाबायला म्हणजे?"

"म्हणजे आज दाबून ठेवली, पुढच्या वर्षी उसवून मोठी केली. फ्रॉकाले असते न, तशी."

तायडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीचा मामा. अशा वेळी मुलीच्या मामाने खाली पाहायचं असतं. मी पाहिलं.

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मूर्तिजापूरला माझं चपला-बुटांचं दुकान होतं आणि माझे मेहुणे पंजाबराव गावंडे तिथल्याच एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सुपरवायझर होते. मे महिना म्हणजे जिन बंद. आवार मोकळं, कापसाचा ढीग नाही, गाड्या नाहीत, फक्त भिंतीला लावलेलं पोत्यांचं एक जाड गाठोडं आणि त्यावर कागदाचं लक्ष्य. भाऊजींची मुलगी रेणुका तिथे रोज सकाळी बाण मारायची. मालकांची परवानगी होती. गाठोड्यात चिंध्या भाऊजींनी स्वतः दाबून भरल्या होत्या आणि ते काम गरजेपेक्षा बरंच मोठं झालं होतं. त्यावर एकाच वेळी चार मुलींना नेम धरता आला असता. गावात नेम धरणारी मुलगी एकच होती.

रेणुका तेव्हा अठरा पूर्ण होती. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड होती, आणि घरात ठरलं होतं की यंदा संघात आली तर खेळ चालू, नाही आली तर अकोल्याला डी.एड. ठरवलं भाऊजींनी, पण ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसाच्या हाती काहीतरी असावं. तीन वर्षं ती तायडे सरांच्या क्लबाच्या धनुष्यावर शिकली होती. ते धनुष्य कोणा पुरुषाचं, तिच्या आधी दहा जणांच्या हातून गेलेलं. आता तिला स्वतःचं घ्यायचं होतं. तायडे सरांनी नागपूरच्या एका दुकानदाराच्या हातापाया पडून दोन धनुष्यं रविवारपुरती आणली होती. संध्याकाळच्या गाडीने त्यांतलं एक परत जाणार होतं.

तायडे सर मुळात शाळेत कबड्डी शिकवायचे. धनुर्विद्येचं एक शिबिर करून आले आणि तालुक्यात त्यांच्याएवढं जाणणारा दुसरा कोणी नसल्याने ते प्रशिक्षक झाले. माणूस सरळ. त्यांना जे माहीत नसे ते माहीत नाही असं सांगत, फक्त जरा उशिरा सांगत.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. हे कंपाउंड धनुष्य. दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून दोऱ्या. ओढायला लागलं की आधी जड जातं, अगदी विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसं, आणि मग एका ठिकाणी चाक फिरतं आणि बादली एकदम रिकामी होते. तिथून जरा पुढे गेलं की दोरी थांबते. भिंतीला टेकल्यासारखी. मग तुम्ही निवांत नेम धरा.

"साध्या धनुष्यात कुठं थांबायचं ते आपण ठरवतो," सर म्हणाले. "यात ते धनुष्यच ठरवते. म्हणून माप महत्त्वाचं."

माप हा शब्द ऐकल्यावर मी कान टवकारले. उभा जन्म मी लोकांच्या पायांशी स्टुलावर बसून काढला होता. मापाच्या बाबतीत मला एकच गोष्ट ठाम कळली होती, की ज्याला बूट घालायचा त्याला कोणी विचारत नाही. बूट पोराच्या पायात असतो आणि "बसला का?" हे त्याच्या बापाला विचारावं लागतं. बाप अंगठ्याने बुटाचं टोक दाबतो, आत बोट कुठपर्यंत आलं ते पाहतो आणि म्हणतो, एक नंबर मोठा द्या. वाढतं अंग आहे.

यात भाऊजी सगळ्यांचे शिरोमणी. रेणुका तिसरीत असताना त्यांनी तिला मोठ्या माणसाची सायकल घेतली. दोन वर्षं ती दांडीखालून पाय घालून, लंगडी घातल्यासारखी सायकल चालवत होती. शाळेचा युनिफॉर्म सहावीत घेतला तो नववीत अंगाला बसला, तेव्हा विरला होता. बूट माझ्याच दुकानातून जात आणि पुढच्या टोकात कापूस कोंबून ते घातले जात. घरचं माणूस जिनात असल्यामुळे कापसाला मात्र कधी तोटा पडला नाही.

तर, दोन धनुष्यं. एक काळं, एक लाल.

काळं भारी होतं. राज्यातल्या मोठमोठ्या खेळाडूंकडे तेच असतं, असं सर म्हणाले. बाण सुटला की दिसायचाच नाही, नुसता पोत्यात धप्प आवाज. भाऊजींना ते पाहताक्षणी आवडलं, कारण त्यात चाकं मोठी होती. त्याचं माप कमी-जास्त करता यायचं, पण अगदी कमी केलं तरी रेणुकाच्या हाताला ते किंचित मोठंच पडत होतं.

"किती मोठं?" मी विचारलं.

"थोडं," सर म्हणाले. "सवय होते. क्लबाचंही मोठंच होतं की."

"आणि लाल?"

लाल धनुष्य लहान चणीचं होतं. त्याच्या चाकावर मापाच्या खुणा होत्या आणि शेवटच्या खुणेवर ते रेणुकाला नेमकं येत होतं. त्यापुढे खूण नव्हती.

"म्हणजे याच्यात जागा नाही," भाऊजी म्हणाले. त्यांच्या दृष्टीने लाल धनुष्याचा निकाल तिथेच लागला होता. "आज बेताचं ते उद्या तोकडं."

तरी सरांनी दोन्ही मारून पाहायला लावलं. रेणुका आली. उंच नाही, बुटकी नाही, आईसारखी काटक. भर मे महिन्यात तिने पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला होता. तो अर्थात भाऊजींनी आणलेला असल्यामुळे बाह्या बोटांच्या पुढे जात होत्या आणि मनगटाशी तिने त्यांना रबरबँड लावले होते. हाताला दोरी सोडायचा खटका बांधला, काळं धनुष्य उचललं, ओढलं, सोडलं.

"कसं वाटते?" सरांनी विचारलं.

"बरं वाटते."

पुन्हा मारलं. भाऊजींनी विचारलं, "कसं वाटून राह्यलं?"

"बरं वाटते, बाबा."

मीही विचारून घेतलं. मलाही बरं वाटते असंच उत्तर मिळालं. हे उत्तर मी तिच्या जन्मापासून ऐकत होतो. ताप असला तरी तिला बरं वाटायचं. एकदा माझ्या दुकानातून नेलेल्या सँडलने तिची टाच सोलून निघाली होती, तेव्हाही बरंच वाटत होतं. पण त्या दिवशी मला उगाच कुतूहल लागलं. एवढी महागाची वस्तू, जिच्यावर पुढचं सगळं टांगलंय, तिच्याबद्दलही ही मुलगी सँडलचंच उत्तर कसं देते?

बसायला एक उलटी बादली होती. मी तिच्यावर बसलो, त्यामुळे सवयीने माझी नजर तिच्या पायांकडे गेली. काळं धनुष्य ओढलं की तिच्या पुढच्या पायाची बोटं बुटात वर उचलली जात होती. कंबर मागे, हनुवटी वर, सगळा भार टाचांवर. जत्रेत पाळणा वर जाताना माणसं मागे रेलतात ना, तशी.

"बोटं काऊन उचलतेस गं?" मी विचारलं.

"कुठं, मामा?"

तिला ठाऊकच नव्हतं. भाऊजी म्हणाले, ती तिची ऐट आहे. सर म्हणाले, शैली आहे, प्रत्येक खेळाडूची असते. शैलीपुढे चपलांच्या दुकानदाराने काय बोलावं.

मग लाल धनुष्य. ते तिने ओढलं आणि मला वाटलं, अजून ओढायचं राहिलंय. कारण काही घडलंच नाही. ती नुसती उभी होती. रेशनच्या रांगेत माणूस उभा असतो तशी सरळ, विशेष काही न करता. मग बाण सुटला. एक, मग दुसरा, मग तिसरा. सगळे पिवळ्या वर्तुळाच्या बाहेर, खाली डाव्या बाजूला, एकमेकांना चिकटून.

"कसं वाटते?"

रेणुकाने धनुष्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही वाटतच नाही, सर."

"काहीच नाही?"

"नाही. म्हणजे… ओढलं हे समजतच नाही."

भाऊजींनी हात झटकले. "घ्या. पोरगी स्वतःच म्हणून राह्यली काही वाटत नाही म्हणून."

सर लक्ष्यापाशी जाऊन बाण पाहत उभे राहिले. काळ्याचे बाण पसरलेले होते, पण दोन-तीन पिवळ्यात होते. लालचे सगळे बाहेर. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, लालचा नेमकाटा, ज्यातून नेम धरतात तो, अजून तिच्यासाठी लावलेला नाही, त्यामुळे तसं सांगता येत नाही. पण सगळे एका जागी आहेत, हे वाईट नसावं.

"एका जागी चुकणं चांगलं का मंग?" भाऊजींनी विचारलं. "एकसारखी चूक करणारा माणूस मी जिनात ठेवत नाही, सर."

सरांकडे याला उत्तर होतं, पण ते त्यांना तेव्हा आठवलं नाही. त्यांनी रेणुकाला डोळे मिटून मारायला सांगितलं, तसं शिबिरात शिकवलं होतं. गाठोड्याच्या अगदी जवळ उभं राहायचं, नेम धरायचाच नाही, नुसतं ओढायचं आणि अंगाला काय म्हणायचंय ते ऐकायचं. रेणुकाने डोळे मिटून दोन्ही ओढली. काळं ओढताना तिच्या कपाळाला आठी पडली. लाल ओढताना चेहरा झोपलेल्या माणसासारखा झाला. सरांनी विचारलं. तिने सांगितलं, दोन्ही बरी आहेत.

ऊन चढलं. भाऊजींनी गुणांची बेरीज केली आणि काळं जिंकलं. त्यांनी ते छातीशी धरून सांगितलं की हेच घेऊ, आज थोडं मोठं आहे, पण उद्या अंगाला बसन. सरांनी मान डोलावली, कारण नाही म्हणायला त्यांच्यापाशी काही ठोस नव्हतं. मीही मान डोलावली. वास्तविक मला कोणी विचारलं नव्हतं.

"चल, एकदा शेवटचं मारून दाखव," भाऊजी म्हणाले. "आता आपलं समजून मार."

रेणुकाने काळं धनुष्य घेतलं, मागे रेलली, सोडलं. बाण पिवळ्यात बसला. पण त्या धप्पच्या आधी आणखी एक आवाज आला होता. चट्. ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा. मी सकाळपासून तो अधूनमधून ऐकत होतो आणि तो यंत्राचा आहे असं समजत होतो.

तेवढ्यात माझी बहीण शकूताई ताकाची बरणी आणि पेले घेऊन आली. भाऊजींनी तिला निकाल सांगितला. ती हं म्हणाली आणि पेला रेणुकापुढे धरला. रेणुकाने उजवा हात पुढे केला, पण त्याला खटका बांधलेला होता, म्हणून डावा केला. घामाने रबरबँड सरकला होता. बाही कोपरापर्यंत मागे गेली.

हाताची आतली बाजू जांभळी होती. नुसती जांभळी नाही, जुन्यावर नवं, हिरवं, पिवळं, कडेला काळं. आत्ता लागलेल्या ठिकाणी लाल वळ फुगत होता.

ताईने पेला खाली ठेवला. हात धरून उजेडात वळवला.

"मेहनतीचं आहे ते," भाऊजी म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"मेहनतीचं असतं तर दोन्ही हातांले असतं," ताई म्हणाली.

मग सर पुढे झाले. त्यांनी वळ पाहिला, काळं धनुष्य पाहिलं, पुन्हा वळ पाहिला. माप मोठं असलं की हात ताणला जातो, कोपर आत वळतं आणि दोरी परत येताना हातावर बसते, हे त्यांना शिबिरात सांगितलं होतं. ते आता आठवलं. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं, आणि हेही सांगितलं की तीन वर्षं ते याला शैली म्हणत होते.

भाऊजींनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग रेणुकाकडे वळून म्हणाले, "काही दिवस लागन. अजून एखादं वर्ष. मंग बरोबर बसन तुले. वाढतं अंग आहे."

रेणुका त्यांच्याकडे पाहत होती. मी तिला त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळदा नेम धरताना पाहिलं, पण असं कोणाकडे पाहताना पाहिलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी आता वाढत नाही."

"कोण म्हणते?"

"कोणी नाही म्हणत. मीच सांगतो. दहावीपासून नाही वाढली. आता नाही वाढणार." मग हळूच, "मी एवढीच आहो."

आवारात कुठेतरी पत्रा उन्हाने तडतडत होता.

भाऊजी चार भावांतले धाकटे. त्यांच्यापर्यंत जो सदरा यायचा तो तिघांच्या अंगाला तोकडा होऊनच यायचा. लहानपणी त्यांना पूर्ण मनगट झाकणारी बाही माहीत नव्हती. आपल्या लेकराला आयुष्यात काही तोकडं पडू द्यायचं नाही, असं त्यांनी केव्हातरी मनाशी घेतलं असणार. हे मला ताईने फार नंतर सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की मुलीची उंची थांबल्याची बातमी त्यांना कोणी तीन वर्षं दिली नव्हती आणि ती त्यांना पचवायला जड जात होती. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. जणू कोणी नवीनच बाई आवारात उभी आहे.

मग त्यांनी काळं धनुष्य खाली ठेवलं. लाल उचललं.

"याच्यात जागा नाही न सर?"

"नाही."

"हे तिले मंग किती दिवस पुरन?"

सर काही बोलायच्या आत रेणुकाच म्हणाली, "पुरते, बाबा."

भाऊजींनी धनुष्य तिच्या हातात दिलं. देताना त्याच्या चाकाकडे पाहिलं नाही. नंतर काय विचारावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "दुखत होतं काय?"

मला वाटलं, आता ती बरं वाटते म्हणणार.

"हो," ती म्हणाली.

"लय?"

"हो."

भाऊजींनी मान हलवली आणि ते लक्ष्याकडे चालत गेले. तिथे उपटायला एकच बाण होता, पण त्यांना त्याला बराच वेळ लागला.

मधल्या काळात तायडे सरांनी लाल धनुष्याच्या नेमकाट्याचे दोन स्क्रू इकडे-तिकडे फिरवले आणि भाऊजी परत आल्यावर रेणुकाला मारायला सांगितलं. तिने मारलं. खाली डावीकडे जमणारा बाणांचा तोच घोळका, जसाच्या तसा, पिवळ्यात येऊन बसला. ताई उन्हात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, आता हिचं ताक कोमट झालं.

पुढच्या महिन्यात रेणुका संघात आली. शेवटच्या जागेवर आली, पण आली; डी.एड.चा अर्ज पडून राहिला. मात्र ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी एक काम बाकी होतं. नव्या धनुष्यासाठी नवे बाण आणले होते, आणि बाण ज्याच्या त्याच्या मापाने कापावे लागतात. सरांनी रेणुकाला लाल धनुष्य ओढून धरायला लावलं, बाणावर पेन्सिलीने खूण केली आणि करवत घेतली. भाऊजी शेजारी उकिडवे बसले होते. सकाळपासून पहिल्यांदाच ते काही सुचवत नव्हते.

सरांनी करवत खुणेवर न ठेवता खुणेच्या पुढे ठेवली.

"सर," भाऊजी म्हणाले, "खूण इकडं आहे."

"हो. पण बाण खुणेवर कापायचा नसतो. ओढताना चुकून मागं सरकला तर हातात घुसेल. म्हणून थोडा जास्त ठेवतात."

भाऊजींनी सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग ताईकडे. सर्वांत शेवटी रेणुकाकडे, आणि तिच्याकडे बराच वेळ.

"थोडा जास्त," ते म्हणाले.

"हो, बाबा," रेणुका म्हणाली. ती हसत होती, पण तोंड वळवून.

"किती जास्त ठेवता, सर?"

"बोटभर."

भाऊजींनी सदऱ्याला हात पुसला आणि आपलं बोट खुणेपाशी बाणावर आडवं ठेवलं. कामाचं, जाड, सांध्याशी वाकडं झालेलं बोट. सरांनी त्याच्या पलीकडच्या कडेला पेन्सिल टेकवली. मग पुढचा बाण घेतला, आणि भाऊजींनी बोट पुन्हा पुढे केलं.